प्रकरण अकरावे : आरटी तीनची किटली

टीव्ही सकाळी सातला मागच्या दाराने शेजारी गेला आणि साडेआठला पुढच्या दाराने परत आला. मधल्या दीड तासात नेमकं काय घडलं, हे जार्वोला शेवटपर्यंत नीट समजलं नाही.

बेत त्याचाच होता. त्याच्या भाचीने, विदूरीने, सरकारी व्यावसायिक विद्यालयात अर्ज केला होता, विजेच्या शाखेसाठी. गरीब घरच्या मुलांसाठी तिथे काही जागा राखून असतात. फी नाही, गणवेश फुकट, हत्यारांची पेटीसुद्धा फुकट. फक्त शाळेतून एक मास्तर घरी येतो, घर बघतो आणि एक कागद भरतो. घर खरोखर गरीब आहे असं त्याला वाटलं की जागा पक्की. नाही वाटलं तर विदूरीची शाळा नववीलाच संपली, मग आईबरोबर ताहू गिंबलची, म्हणजे टोफू-भज्यांची, गाडी ढकलायची आणि आयुष्यभर कोळंबीची भजी तळायची.

"पण मामा, आपण गरीब आहोतच की," विदूरी म्हणाली होती.

"आहोत गं. पण दिसायला नको?" जार्वो म्हणाला.

दिसणं हा जार्वोचा धंदाच होता. सध्या तो जोहारच्या बाजारात फूटपाथवर मोबाईलची कव्हरं विकत होता. त्याआधी छत्र्या विकल्या, त्याआधी गाणारे पक्षी, आणि त्याआधी केस वाढवायचं तेल, जे विकताना तो डोक्यावरची टोपी कधीच काढत नसे. जकार्ताहून तो रिकाम्या खिशाने परत आला हे सगळ्यांना ठाऊकच आहे, पण घरातल्या प्रत्येक संकटात पुढे व्हायची त्याची खोड काही जकार्ताने मोडली नव्हती.

तर सकाळी सातला त्याने आणि मुर्नीने, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीने, विदूरीच्या आईने, टीव्ही, टेबलफॅन, भाताचा कुकर आणि प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी शेजारच्या बू तुमिराच्या, म्हणजे तुमिराबाईच्या, घरी नेऊन ठेवली. मग जार्वोने भोकं पडलेला बनियन चढवला आणि खोकून दाखवलं.

"कसा वाटतो?"

"म्हैस शिंकल्यासारखा," मुर्नी म्हणाली. "मास्तर घर बघायला येतोय, गुरांच्या दवाखान्यातून नाही."

"छातीतून काढला की बरोबर येईल. तू फक्त माकला सांभाळ."

माक म्हणजे दोघांची आई, कासिना. अख्खी गल्ली तिला म्बाह कासिना, म्हणजे कासिना आजी, म्हणायची. तिला या भेटीबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. ती कोळंबी आणायला बाजारात गेली होती, आणि मास्तर येऊन जाईपर्यंत तिने तिकडेच भाव करत राहावं, अशी दोघांची मनोमन प्रार्थना चालली होती. पण आमच्या आजींना घरी नेमकं कधी यायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

म्बाह आठ वाजता आली. बुटक्या दारातून सवयीने वाकून आत शिरली, टोपली ठेवली आणि रिकाम्या खोलीकडे बघत उभी राहिली.

"चोरी झाली का?"

जार्वोने छताकडे बघितलं, मुर्नीने जमिनीकडे. विदूरीला खोटं बोलता येत नाही, हा तिचा जन्मापासूनचा दोष.

"शाळेतले मास्तर यायचेत, म्बाह. दहा वाजता. घर बघायला."

"मास्तर?" म्बाह म्हणाली. "आपल्याकडे?"

ती खाली बसली. चाळीस वर्षं तिने एका शाळेच्या फाटकाबाहेर गाडी लावली होती. मधल्या सुट्टीची घंटा तिला मास्तरांच्या आधी कळायची, कोणता मास्तर तिखट खातो आणि कोणाला शेंगदाणा बाधतो हे तिला पाठ होतं. पण त्या फाटकाच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं आणि आतल्या कुणी तिच्या उंबऱ्यात टाकलं नव्हतं. आणि आता एक मास्तर पाहुणा म्हणून येणार होता, आणि तिच्या घरात बसायला खुर्ची नव्हती, दाखवायला टीव्ही नव्हता, आणि तिचा थोरला मुलगा बनियनच्या भोकातून बोट घालून पोट खाजवत होता.

"लाज नाही वाटत?" ती ओरडली. "आधी तो बनियन काढ! मुर्नी, पाणी उकळव. मी आलेच."

"माक, ऐकून तर घे, तो आपण गरीब आहोत का हे बघायला..."

पण म्बाह वाकून दाराबाहेर पडलीसुद्धा होती.

---

आता आरटी तीनच्या सामानाबद्दल सांगायला हवं. आरटी तीन म्हणजे आमची गल्ली, समुद्राकडच्या अंगाची साठ-सत्तर घरं. गल्लीच्या मालकीच्या आठ निळ्या खुर्च्या आहेत, चार डझन ग्लास, तेवढ्याच बशा, एक गालिचा, एक भिंतीवरचं घड्याळ आणि दांड्याला सुतळी गुंडाळलेली एक भलीमोठी किटली. लग्न, सुंता, मयत, काहीही असो, सामान त्या घरी जातं आणि परत येतं. प्रत्येक वस्तूवर लाल रंगात 'आरटी ३' लिहिलेलं आहे, ग्लासांच्या तर बुडाला. त्यामुळे पाहुण्यासाठी म्हणून स्वतःची खुर्ची आमच्याकडे कुणी घेतच नाही. घ्यायची कशाला? पाहुणा काय रोज येतो?

हे सामान बू तुमिराच्या ताब्यात असतं. म्बाह तिच्या दारात पोचली तेव्हा तुमिरा भाताच्या कुकरकडे कौतुकाने बघत उभी होती.

"मास्तर येतोय माझ्याकडे," म्बाह म्हणाली. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता, पण तो पार टोकाच्या घरापर्यंत गेला. "खुर्च्या दे. ग्लास दे. गालिचा दे."

"मास्तर!" तुमिरा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. "ने की. सगळं ने. घड्याळही ने. आणि हा टीव्ही ने, खोलीत शोभेल. तुझाच आहे म्हणा, पण शोभेल."

अशा रीतीने टीव्ही पुढच्या दाराने परत आला, पाठोपाठ आठ खुर्च्या, गालिचा, घड्याळ, किटली. पाठीवरची लाल अक्षरं दिसू नयेत म्हणून म्बाहने खुर्च्यांवर बाटिकचे कपडे टाकले. ती स्वतः ज्या जरीकाठी कबायात जार्वोच्या लग्नात उभी होती तो घालून बसली. जार्वोचं लग्न टिकलं नाही, पण कबाया टिकला.

विदूरी कोपऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती. मामा घर खोटं गरीब करत होता, म्बाह खोटं श्रीमंत करत होती, आणि तिचं खरंखुरं गरीब घर या दोघांच्या मध्ये कुठे सापडत नव्हतं. जसं आहे तसं ठेवलं असतं तर मास्तरांना काही विचारायचीही गरज पडली नसती. हत्यारांच्या पेटीत तारांना डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, यंत्र असतं, असं तिने ऐकलं होतं. आजवर ती गॅसवर तापवलेल्या खिळ्याने डाग देत आली होती.

---

मास्तर, म्हणजे पाक सुबेक्ती, सुबेक्तीसाहेब, दहा वाजून दहा मिनिटांनी आले. भरतीचं पाणी सकाळपासून गल्लीत घोट्यापर्यंत चढलेलं होतं, म्हणून पँट गुडघ्यापर्यंत वर, बूट एका हातात, बॅग दुसऱ्या हातात. माणूस तरुण होता, विनयशील होता आणि दुर्दैवाने उंच होता.

"अस्सलामु अलै..." एवढं म्हणून त्यांनी दारात पाऊल टाकलं आणि ठण्ण असा आवाज झाला. बॅग पाण्यात पडली.

"दार आगाऊच आहे आमचं," म्बाह म्हणाली. "वालैकुम सलाम. या, पाक गुरू, या."

कपाळ चोळत मास्तर आत आले आणि नीट उभे राहायला गेले, तर डोकं छताला लागलं. ते पटकन खुर्चीवर बसले. मुर्नीने किटलीतून चहा ओतला.

"नको, बू. कृपा करून नको. अर्जदाराच्या घरी काहीही घ्यायचं नाही असा नियम आहे. सही करून दिलंय मी."

म्बाहचा चेहरा पडला. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं असतं हे तिला मान्य होतं, दुसऱ्यांदाही म्हणायचं असतं. पण मास्तर चौथ्यांदा नको म्हणाले तेव्हा तिने कबायाचा काठ सावरला आणि हळू आवाजात विचारलं, "आमच्या हातचं चालत नाही का?"

मास्तरांनी ग्लास उचलून एक घोट घेतला. मग भिजलेल्या बॅगेतून कागद काढला.

"थोडेच प्रश्न आहेत. घरात दिवसातून किती वेळा जेवण होतं?"

"एकदा," जार्वो म्हणाला आणि खोकला. "कधी एकदा, कधी मीठभात. कधी नुसतं मीठ."

"चार वेळा," म्बाह म्हणाली.

"माक!"

"काय माक? मास्तरांसमोर आपण उपाशी मरतो म्हणून सांगू? चार वेळा, पाक गुरू. शिवाय मधे काहीबाही."

मास्तरांनी लिहिलं, मग खोडलं. "उत्पन्न पुरतं का?"

"अल्लाची कृपा आहे. भरपूर आहे."

कुणी विचारलं की एवढंच म्हणायचं असतं. आमच्याकडे मेलेल्या माणसालाही कसं चाललंय विचारलं तर बरं आहे म्हणेल. पण कागदाला हे शिष्टाचार कळत नाहीत. मुर्नीचा नवरा कालिमंतानला ताडाच्या मळ्यात तीन महिन्यांसाठी म्हणून गेला होता, त्याला आता सहा वर्षं झाली. घर चालत होतं ते एका गाडीवर, आणि पाणी चढलं की तीही चालत नव्हती.

"पाक गुरू," मुर्नी म्हणाली, "माकचं वय झालंय. ती..."

"वय कुणाचं झालंय?" म्बाह म्हणाली.

"जमीन कशाची?" मास्तरांनी घाईघाईने पुढचा प्रश्न विचारला. "माती, सिमेंट की फरशी?"

"सिमेंट," मुर्नी आणि जार्वो एकदम म्हणाले.

"फरशी," म्बाह म्हणाली. "लाल. नक्षीची."

मास्तरांनी गालिच्याचा कोपरा उचलून बघितला. खाली ओबडधोबड सिमेंट होतं.

"फरशी त्याच्या खाली आहे," म्बाह म्हणाली. "माझ्या नवऱ्याने स्वतः बसवलेली, हा जार्वो पोटात होता तेव्हा. मग समुद्र पहिल्यांदा घरात आला, तेव्हा भर घातली. दुसऱ्यांदा आला मुर्नीच्या लग्नाच्या वर्षी, तेव्हा पुन्हा घातली. तिसऱ्यांदा ही पोरगी पहिलीत होती. या खिडकीशी मी टाचा उंचावून उभी राहायची. आता बसते तिच्यावर."

"म्हणजे आता फरशी नाहीये, माक!" जार्वो ओरडला.

"खाली आहे म्हणजे नाही का? समुद्राने नेली का? तू खणून बघ, आहे का नाही!"

मास्तर कागदाकडे बघत राहिले. खालच्या फरशीसाठी त्यावर चौकट नव्हती.

---

नेमक्या याच वेळी मागच्या दारात बू तुमिरा उगवली.

तिची गोष्ट अशी होती की तिच्या नातीनेही, एंदांगनेही, त्याच शाळेत अर्ज केला होता. मास्तर म्बाहकडून उठून तिच्याकडे जाणार होते. पण सकाळी म्बाहने एवढ्या ऐटीत खुर्च्या मागितल्यावर, माझ्याकडेही तोच मास्तर येतोय म्हणायला तिची जीभ रेटली नाही. तिने सगळं सामान देऊन टाकलं होतं आणि आता तिच्या घरात पाहुण्याला बसायला एक पोतं होतं.

पाहुण्यासमोर सामान परत मागणं तर शक्यच नव्हतं. म्हणून ती दाराआडून मुर्नीला खुणा करू लागली. आधी बोटांनी आठ दाखवले, मग बसल्यासारखं केलं, मग किटली ओतल्यासारखं. मुर्नीला वाटलं हिला मोडशी झालीय. ती उठून मागे गेली, तुमिराने तिच्या कानात सगळं सांगितलं, आणि मुर्नी परत येईपर्यंत तिची खुर्ची गेलेली होती. ती निमूट गालिच्यावर बसली.

मग दारापाशी रिकाम्या असलेल्या खुर्च्या एकेक करून अदृश्य झाल्या. जार्वो उपासमारीचं वर्णन करताना आवेशाने उभा राहिला.

"पाक गुरू, या पोरीने पाच वर्षांची असताना मला विचारलं होतं, मामा, कोंबडी म्हणजे काय असतं?" त्याचा आवाज भरून आला. तो डोळे पुसत खाली बसला आणि थेट जमिनीवर आदळला. या खेपेचा खोकला मात्र छातीतून आला.

"मी लहानपणी कोंबडी पाळली होती," विदूरी म्हणाली. "दोन होत्या."

मास्तरांनी हसू दाबलं. ते वाकून लिहायला लागले तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळ गेलं. म्बाहची पाठ मागच्या दाराकडे होती. तिला एवढंच दिसत होतं की तिची मुलं पाहुण्यासमोर एकामागून एक जमिनीवर बसताहेत. ती मानाने ताठ बसून राहिली. मग तुमिराने मागून तिच्या खांद्यावर हळूच थाप मारली, हात जोडले आणि डोळ्यांनी खुर्ची दाखवली. म्बाहला सारं कळलं. ती उठली, खुर्चीवरचा बाटिकचा कपडा काढून त्याची नीट घडी केली आणि खुर्ची स्वतःच्या हाताने तुमिराला दिली.

आता राहिली मास्तरांच्या बुडाखालची खुर्ची, एक ग्लास, एक बशी आणि किटली.

"चहा घ्या ना, पाक," मुर्नी म्हणाली.

"घेतला की."

"सगळा घ्या. शेवटपर्यंत घ्या."

आमच्याकडे पाहुण्याने ग्लासात एक घोट ठेवायचा असतो. सगळा रिकामा करणारा पाहुणा हावरट ठरतो. मास्तरांनाही हे घरून शिकवलेलं होतं. पण मुर्नी, जार्वो आणि दाराआडून बू तुमिरा अशा तिघांच्या नजरा ग्लासाला चिकटल्या होत्या. गोंधळून त्यांनी ग्लास तोंडाला लावला, पार वर केला आणि थबकले. काचेच्या बुडातून लाल अक्षरं त्यांच्याकडे बघत होती. आरटी ३.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. बशी उलटी केली, आरटी ३. किटलीचं बूड बघितलं. मग उठून, छताला डोकं लागणार नाही असे वाकून, त्यांनी आपल्या खुर्चीवरचा कपडा उचलला. तेवढ्यात तुमिराने तीही खुर्ची ओढून घेतली आणि पाठोपाठ किटली, ग्लास आणि बशी घेऊन ती पसार झाली. मग तिने गालिचाही मागून ओढला, मुर्नी आणि जार्वो बूड उचलून त्याला वाट देत गेले.

खोलीत चार माणसं, एक मास्तर आणि एक टीव्ही उरला.

"यातलं तुमचं काय आहे?" मास्तरांनी हळूच विचारलं.

म्बाहने खोलीभर नजर फिरवली. इतक्या वर्षांत तिने आपलं घर एखाद्या परक्याच्या डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. चार भिंती, बुटकं छत, आणि तीन थर खाली गाडलेली लाल फरशी. तिला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि ते लपवायला आता एक बशीही उरली नव्हती.

"टीव्ही," ती म्हणाली. "टीव्ही आमचाच आहे."

"तो चालत नाही!" जार्वो खालून ओरडला. "नुसता आवाज येतो!"

मास्तर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी टीव्हीची मागची बाजू बघितली. झाकण नव्हतं. आत रेडिओचे भाग होते, सायकलच्या दिव्याची वायर होती आणि ठिकठिकाणी खिळ्याने दिलेले जाडजूड डाग होते.

"हे कुणी जोडलं?"

"मी," विदूरी म्हणाली.

"ही तार चुकीच्या ठिकाणी जोडलीय."

"माहीत आहे, पाक. बरोबर जोडली की बंद पडतो."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, पुन्हा तारेकडे बघितलं, आणि मोठ्याने हसले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला आणि कागद जमिनीवर पसरला.

"माझ्याकडून सगळं झालं. आता फक्त घरातल्या कर्त्या माणसाचा अंगठा हवा. इथे."

"काय लिहिलंय त्यात?" म्बाहने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

जार्वो आणि मुर्नीने एकमेकांकडे बघितलं. नेमकं हेच तिला कळू नये म्हणून तर दोघं दोन आठवडे धडपडत होते. विदूरीने कागद घेतला आणि वाचला. "मी खाली अंगठा देणार जाहीर करते की आमचं कुटुंब गरीब आहे आणि मुलीला शिकवण्याची आमची ऐपत नाही."

"नाही," म्बाह म्हणाली.

"माक..."

"नाही म्हणते ना! दोन पोरं वाढवली मी. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी बाहेर काढली. कुणाच्या दारात हात पसरला नाही. आणि आता अल्लासमोर, मास्तरासमोर लिहून देऊ की माझी ऐपत नाही?"

"अगं, मघाशी खुर्च्या गेल्या तेव्हा ऐपत दिसलीच की सगळ्यांना!" जार्वो म्हणाला.

"त्या गल्लीच्या होत्या. अंगठा माझा आहे."

मुर्नी रडायला लागली.

"राहू दे, म्बाह," विदूरी म्हणाली. "नको देऊस. मी गाडी ढकलीन. मला चालेल."

खोटं बोलता न येणारी पोरगी खोटं बोलली होती, आणि तेही इतकं वाईट की ते कुणालाही कळलं असतं. तिचा हात अजून टीव्हीच्या तारेवर होता. म्बाहने तो हात बघितला. पुष्कळ वेळ बघितला.

"तुला चालेल," ती म्हणाली. "मला नाही चालणार."

ती मागे स्वयंपाकाकडे गेली आणि ताहू गिंबलची भरलेली बशी घेऊन आली. बशी तिची स्वतःची होती, टवका उडालेली. ती मास्तरांच्या पुढ्यात ठेवून ती समोर बसली.

"खा."

"बू, नियम..."

"जन्मात जे म्हटलं नाही ते मी आज म्हणणार आहे. तुम्ही तुमचा एक नियम मोडा, लेकरा. मग मी माझा मोडते."

मास्तरांनी कागदाकडे बघितलं, बशीकडे बघितलं आणि एक भजं तोंडात टाकलं. मग दुसरं. मग त्यांचं नियमांकडे लक्षच राहिलं नाही. सकाळपासून ते उपाशी होते आणि म्बाहच्या हाताला चव होती.

"शाईचं पॅड," तोंडात घास असतानाच ते म्हणाले आणि बॅग चाचपली. पॅड नव्हतं. ते दारात ठण्ण झालं तेव्हाच समुद्राला मिळालं होतं.

म्बाहने वाट बघितली नाही. भज्यांवर घालायच्या कोळंबीच्या काळ्या दाट रसाची वाटी बाजूला होती. तिने त्यात अंगठा बुडवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि कागदावर दाबला. अक्षरांखाली एक काळा, चिकट, झकास वासाचा ठसा उमटला.

"हे चालेल?" मुर्नीने नाक ओढत विचारलं.

"वाळलं की चालेल," मास्तर म्हणाले आणि कागदावर फुंकर घातली. मग विदूरीकडे वळले. "यादी अजून लागायची आहे, पण शेऱ्यात मी काय लिहिणार आहे ते मला ठाऊक आहे. जुलैत वर्ग सुरू होतात. बूट काळे लागतात. आणि तो खिळा घेऊन ये, मला बघायचाय."

विदूरीने नुसतीच मान हलवली, बराच वेळ हलवत राहिली.

मास्तर निघाले. दारात पुन्हा ठण्ण झालं. गल्लीतलं एक मांजर त्यांच्या बॅगेचा वास घेत पाण्यातून त्यांच्या मागे चालू लागलं.

घरात सगळे रिकाम्या जमिनीवर बसले होते. म्बाह आपल्या अंगठ्याकडे बघत होती, तो तिने पुसला नव्हता. जार्वोने बशीतलं उरलेलं भजं उचलायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात पातळ भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज आला.

"घरात दिवसातून किती वेळा जेवण होतं, बू?"

"पाच वेळा!" बू तुमिरा म्हणाली.

म्बाहने मान वर केली.

"पाच? परवा माझ्याकडून तांदूळ घेऊन गेली ही बया!"

ती हाताचा आधार घेत उठली. काळ्या रसाची वाटी उचलली, कबाया सावरला आणि दाराशी जाऊन वाकली.

"आता कुठे निघालीस, माक?" मुर्नीने विचारलं.

"तुमिराचा अंगठा घ्यायला," म्बाह म्हणाली. "सांगते तिला, फार दुखत नाही म्हणून."